वेल्शपूलची अडीच फुटी गाडी आणि आपली मिरजेची छोटी गाडी

दुसरं_गेट (टिळकवाडी, बेळगाव)

मंडळी, लेकीकडं बर्मिंगहॅमला दीड महिना राहून परवा परत आलो. लंडनचा राजवाडा तुम्ही सगळ्यांनी फोनवर बघितलाय, त्यावर काही लिहीत नाही. एका छोट्या गाडीबद्दल लिहितो.

माझं घर दुसऱ्या रेल्वे गेटजवळ. शाळेत उशीर झाला की कारण ठरलेलं, “गेट पडलं होतं, सर.” सरही तिथलेच, त्यामुळे गाडी कुठली होती ते विचारायचे, आणि त्या वेळेला ती गाडी नसतेच हे त्यांना माहीत असायचं. सांगायचा मुद्दा, वाफेच्या इंजिनाचं वेड तेव्हाचं आहे. लेक म्हणाली, बाबा, शनिवारी कुठं जाऊया? म्हटलं, इंजिन दाखव.

बर्मिंगहॅमहून श्रूसबरीमार्गे वेल्शपूलला थेट गाडी आहे, दीडेक तास. गाव वेल्समध्ये, पण इंग्लंडची हद्द हाकेच्या अंतरावर. स्टेशनच्या पाटीवर दोन भाषा. रस्त्यावर पांढऱ्या रंगात मोठ्ठं ‘आराफ’ आणि त्याच्याजवळ ‘स्लो’. म्हणजे हळू. सीमाभागातल्या माणसाची नजर आधी पाटीवर जाते, त्याला इलाज नाही.

छोट्या गाडीचं स्टेशन रेव्हन स्क्वेअर गावाच्या दुसऱ्या टोकाला, मैलभर लांब. मी भर्रकन उतरून उलट्या दिशेला चालू लागलो. लेक मागून “बाबा, बाबा” करतेय, मी म्हणतोय मला वास येतोय कोळशाचा. वास कुणाच्या तरी घराच्या धुराड्याचा होता. पूर्वी ही गाडी घरांच्या परसदारांमधून वाट काढत थेट मोठ्या स्टेशनापर्यंत जायची. गावातला तो तुकडा गेला. रेव्हन स्क्वेअरचं स्टेशन १९८१ चं.

लाइन १९०३ ची. वेल्शपूल ते लॅनवायर (लिहितात भलतंच, म्हणतात असं काहीसं), आता साडेआठ मैल उरलीय. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची जनावरं, कोळसा, धान्य बाजाराला न्यायला काढलेली. बस आली आणि १९३१ ला प्रवासी गाडी बंद पडली. मालगाडी १९५६ पर्यंत चालली, मग तीही थांबली. आपल्याकडं असतं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत रूळ भंगारात गेले असते. तिथं काही हौशी लोकांनी संस्था काढली, लाइन भाड्यानं घेतली आणि १९६३ ला अर्ध्या लांबीवर गाडी परत सुरू केली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात बानवी नदीला पूर आला आणि पुलाचा खांब खचला. संपलंच होतं. पण लोकांनी पैसे गोळा केले, लष्कराच्या इंजिनिअर तुकडीनं पूल उभा करून दिला.

आता इंजिन. ‘द अर्ल’ आणि ‘काउंटेस’ ही लाइनची मूळची जोडी, दोन्ही १९०२ ला मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्यात बनलेली. आम्हाला ‘द अर्ल’ मिळालं. सहा चाकं, पाण्याच्या टाक्या दोन्ही बाजूंना, उंचीला आपल्या मीटरगेजच्या इंजिनाचं धाकटं भावंड. एक पंचविशीतली पोरगी लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन चाकांच्या मधे वाकलेली. एका एका सांध्यात चार-पाच थेंब, मग बोटानं पुसून बघायचं, मग पुढचा सांधा. मी दहा मिनिटं तिथंच. विचारलं, नोकरी किती वर्षं? म्हणाली, नोकरी दातांच्या दवाखान्यात आहे, इथं रविवारी-शनिवारी येते. पगार? हसली आणि चहाचा मग वर करून दाखवला.

तिकीट देणारे, गार्ड, फायरमन, झाडलोट करणारे, बहुतेक सगळे असेच. गार्डसाहेब निवृत्त गणिताचे मास्तर. शिट्टी मात्र अशी मारली की वर्ग गप्प.

डबे लाकडी, दोन्ही टोकांना उघडी गॅलरी. हे डबे ऑस्ट्रियातल्या त्सिलरटाल नावाच्या खोऱ्यातून आणलेले. तिथलं दोन रुळांमधलं माप ७६० मिलिमीटर, इथलं ७६२, म्हणजे अडीच फूट. दोन मिलिमीटरसाठी कोण भांडतंय! मी गॅलरीत उभा राहिलो. निघाल्या निघाल्या गोल्फा नावाचा चढ लागतो, २९ ला १. म्हणजे एकोणतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. गाडीचा वेग माणूस पळेल तेवढा, आणि आवाज असा की छातीवर कुणीतरी मोजून थापा मारतंय. भक्, भक्, भक्, मधेच अर्धा श्वास, परत भक्. माझ्या शर्टावर काळ्या पाण्याचे थेंब पडले. वाकून पुढं बघायला गेलो आणि डोळ्यात कण. गार्ड मास्तरांनी न बोलता बोट दाखवलं, आत. पाटी लावलेली होतीच.

अडीच फूट म्हटल्यावर मला एकच गोष्ट आठवत होती, मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी. तेच माप. मिरजकर कुणी आहेत का इथं?

---

चिकोडी_रोड

भारी लिवलाय की ओ काका. आमच्या निपाणीला रेल्वेच नाही, आम्ही रेल्वे बघायला चिकोडी रोडला जायचो. म्हणून हे नाव घेतलंय. एक शंका. तिकिटाच्या पैशात हे भागतं? कोळसा, बॉयलर, एवढे डबे?

---

अनगोळ_वेस

वाचलं. छान आहे. पण खरं सांगू का, हे पोट भरल्यावरचे चोचले. इथं बेळगावहून धारवाडला जायला गाडी अजून लोंढ्याला वळसा घालून जाते. कित्तूरवरून थेट लाइनचं भिजत घोंगडं आम्ही किती वर्षं बघतोय. आणि आपण कौतुक कशाचं करायचं, तर ताशी पंधरा मैलांनी चालणाऱ्या गाडीचं.

---

शेडवाला_मिरज

दुसरं_गेट, हजर आहे. मिरज शेडला खलाशी (शेडमधला मदतनीस) म्हणून लागलो, फायरमन झालो, डिझेलवर ड्रायव्हर होऊन रिटायर झालो. माझी ड्यूटी मीटरगेजवर, मिरज-लोंढा. पण मिरजेत ब्रॉडगेज आल्यावर तिन्ही मापांचे रूळ होते. एका स्टेशनात मोठी, मधली, धाकटी. तिसरीकडं बघून आम्ही चेष्टा करायचो. आता लाज वाटते.

मिरजेची छोटी गाडी बार्शी लाइट रेल्वेची, आणि ती रेल्वे म्हणजे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचं काम. १८९७ ला बार्शीची लाइन, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. सरकारनं ती १९५४ ला घेतली. कॅल्थ्रॉपचं म्हणणं असं की गाडीचं वजन जास्तीत जास्त एक्सलवर सारखं वाटलं तर हलक्या, स्वस्त रुळावरूनसुद्धा मोठा डबा नेता येतो. डब्यांचे सांगाडे त्यानं दाबलेल्या पोलादी पत्र्याचे केले. बार्शीत जमलं म्हणून १९०४ ला इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइनही तशीच बांधली, अडीच फुटीच. तिथल्या इंजिनांना आपल्याकडच्यासारखे भलेमोठे हेडलाइट लावले होते. इंग्लंडच्या त्या खोऱ्यात त्यांचा काय उपयोग! ती लाइन १९३४ ला बंद झाली. तुमच्या वेल्शपूलचंही माप तेच. हाच गृहस्थ पुढं विमानातून उडी मारायचं पॅराशूट करत बसला. डोकं कुठं चालेल सांगता येत नाही.

आता चढाबद्दल. तुम्ही २९ ला १ लिहिलंय ते वाचून मी उठून बसलो. आपला कॅसलरॉक-कुळेचा घाट ३७ ला १, आणि तिथं मागून बँकर इंजिन लावल्याशिवाय माल वर येत नसे. चढावर फायरमनचं खरं काम आग मोठी करणं नाही, पाणी राखणं. बॉयलरमधलं पाणी चढाला मागं सरकतं, उताराला पुढं. काचेत दिसणारी पातळी तेव्हा खोटं बोलते. माथा ओलांडून गाडी खाली झुकली की पाणी पुढं पळतं आणि मागच्या आगपेटीचं (कोळसा जळतो त्या पेटीचं) छत उघडं पडू शकतं. तापलेल्या छतावर पाणी नसलं तर पत्रा मऊ होतो. म्हणून छतात शिशाचा बूच असतो. तो वितळला की वाफ थेट आगीवर सुटते, आग मरते, आणि फायरमनची अब्रूही. माझा बूच कधी गेला नाही. एकदा जायचा राहिला, ते नंतर सांगेन.

आणि सकाळी दहाची गाडी असली तर त्या पोरीनं किंवा तिच्या जोडीदारानं पहाटे पाचला जाळ लावलेला असणार. बॉयलर घाईनं तापवला की फुगतो वेडावाकडा, गळायला लागतो. शनिवारी पहाटे पाचला, फुकट. अनगोळकर, हे चोचले म्हणायचे तर म्हणा.

---

कुडचीची_वहिनी

शेडवाला काका, नमस्कार. सगळे छोट्या गाडीचं प्रेमानं बोलताय, तर मी दुसरी बाजू सांगते. माझ्या सासूबाईंचं माहेर सलगऱ्याजवळ. आषाढीला मिरजेहून पंढरपूरला त्या ह्याच गाडीनं जायच्या. टपावर माणसं, पायरीवर माणसं, आत शिरलं की हात वर करायला जागा नाही. कोळशाचे कण भाकरीच्या फडक्यात. पांढरं पातळ नेसून निघालेली बाई पंढरपूरला काळी पोचायची, त्या म्हणायच्या “विठ्ठलाच्या रंगाची.” चालत्या गाडीतून उतरून काकड्या तोडून परत चढल्याची गोष्ट सगळे सांगतात. सासूबाई सांगायच्या की उतरायला लागायचं ते पोट बिघडलं म्हणून, आणि तेव्हा गाडी बरोबर वेग घ्यायची.

ब्रॉडगेज झाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. गाडी गेल्याचं दुःख पुण्या-मुंबईच्या फोटोवाल्यांना झालं.

---

दुसरं_गेट

वहिनी, हे लिहिलंत बरं केलंत. तिथल्याही लोकांनी १९३१ ला हेच केलं असणार, बसमध्ये बसले आणि मागं वळून बघितलं नाही. गाडी गरजेची होती तोवर कुणाला ती आवडत नव्हती. मला रुळांचं दुःख नाही, मोठी लाइन व्हायलाच पाहिजे होती. पण एक इंजिन, चार डबे आणि पाच मैल कुठंतरी बाजूला ठेवता आले असते, एवढंच.

चिकोडी_रोड, तुझ्या प्रश्नाचं. मीही गार्ड मास्तरांना हेच विचारलं. तिकीट, चहाची खोली, दुकान, सभासदांची वर्गणी, देणग्या, आणि कुणी मरताना मृत्युपत्रात ठेवलेले पैसे. दर दहा वर्षांनी इंजिन पूर्ण उघडावं लागतं, बॉयलर काढून. तो खर्च ऐकून मी चहाचा दुसरा कप सांगितला नाही. आणि गंमत म्हणजे कोळसा. वाफेच्या इंजिनाला जगातला सगळ्यात चांगला कोळसा वेल्सचा, असं शेडवाला काकाही सांगतील. तिथली शेवटची मोठी उघडी खाण २०२३ ला बंद झाली. आता वेल्समधल्या गाड्यांसाठी कोळसा परदेशातून येतो.

---

शेडवाला_मिरज

सांगतील काय, सांगतोच. वेल्सचा कोळसा आमच्या नशिबी नव्हता. आमच्याकडं यायचा त्यात निम्मी माती. जाळी सारखी झाडायची, तरी राखेची भाकरी बसायची.

---

अनगोळ_वेस

मी चोचले म्हटलं ते मागं घेत नाही, पण पहाटे पाचचं वाचून थोडा नरम पडलोय. एक विचारतो. ‘द अर्ल’ म्हणजे कुठला अर्ल?

---

दुसरं_गेट

हा प्रश्न यायला हवाच होता. अर्ल ऑफ पोविस. गावाजवळच त्यांचा पोविस किल्ला आहे, दुपारी तिथंही गेलो. रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड ह्या घराण्यात लग्न करून आला आणि १८०४ ला अर्ल झाला. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा हाच एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर. किल्ल्यात टिपू सुलतानाचा तंबू आहे. छापील फुलांचं कापड, अजून रंग टिकून. बेळगावहून म्हैसूरला जायचं तर मी तीनदा टाळलंय, आणि टिपूचा तंबू बघितला वेल्समध्ये. सकाळी ज्या इंजिनाचं तेल पुसताना बघून डोळे भरून आले, ते कुणाच्या नावाचं हे दुपारी कळलं. लेक म्हणाली, आता काय, इंजिनावर राग? म्हटलं, इंजिनानं काय केलंय.

---

वाटसरू_गोकाक

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर, तिथं वेल्श भाषेला कायद्यानं जागा आहे आणि इथं आमच्या

---

संपादक

वाटसरू, प्रतिसाद अर्धवट आलाय, पूर्ण करू नका. त्या विषयाचे इथं अकरा धागे आहेत. हा रुळावर राहू दे.

---

चिकोडी_रोड

😂 संपादकसाहेबांनी लाल दाखवला.

काका, अजून काय काय आहे तिथं? ऊस वाहणारी इंजिनं असतात असं ऐकलंय. आमच्याकडं एवढा ऊस, ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, रात्री रस्ता जाम.

---

दुसरं_गेट

आहे की! ‘जोन’ नावाचं इंजिन, १९२७ चं, अँटिग्वा बेटावरच्या साखर कारखान्याचं. उसाच्या गाड्या ओढायचं, १९७१ ला इथं आणलं. सिएरा लिओनची रेल्वे मोडीत निघाली तेव्हा तिथून एक इंजिन आणि चार डबे १९७५ ला आले. हंगेरीचा डबा आहे. म्हणजे जगात कुठंही अडीच फुटी लाइन मेली की ह्यांचा माणूस तिथं हजर. मिरजेला कसा नाही आला कुणास ठाऊक.

लॅनवायरच्या शेडच्या दारात उभं राहून आत बघितलं. एक सत्तरीचे आजोबा पितळी नळीवर कापडाची पट्टी पुढं-मागं ओढत होते, चांभार दोरा ओढतो तशी. मी दोन्ही वेळा गेलो तेव्हा तीच नळी. विचारलं, किती दिवस? म्हणाले, मंगळवारपासून.

जाणाऱ्यांसाठी: गाडी रोज नसते, हिवाळ्यात बहुतेक बंदच असते, तारखा बघूनच जा. आणि गॅलरीत उभे राहणार असाल तर पांढरा शर्ट नको. सासूबाईंना विचारा.

---

गँगमनचा_पोर (खानापूर)

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. आमचे बाबा लोंढा सेक्शनला गँगमन होते. पावसात कॅसलरॉकच्या बाजूला रात्रीची गस्त, खांद्यावर हातोडा, हातात कंदील. जळवा पायाला. मी लहान असताना विचारायचो, बाबा, वाघ दिसतो का? म्हणायचे, वाघाचं काय नाय, तो बाजूला होतो. दरड होत नाही.

त्या काळी स्टेशनमास्तर ड्रायव्हरला वेताच्या रिंगीत अडकवलेला लोखंडी गोळा द्यायचे. तो हातात असल्याशिवाय पुढच्या सेक्शनात जायचं नाही. चालत्या इंजिनातून हात घालून रिंग उचलायची. तुमच्या वेल्शपूलला तसलं काही आहे का?

---

शेडवाला_मिरज

एकेरी लाइन म्हटल्यावर काहीतरी टोकन असणारच, रूप वेगळं असेल. गोळा म्हणजे नीलचा टोकन. दोन स्टेशनांच्या मशिनी तारेनं जोडलेल्या, एका वेळी एकच गोळा बाहेर यायचा. रिंग उचलताना चुकलं तर कोपरापर्यंत हात सुजायचा. माझा डावा अजून पावसात बोलतो.

पोरा, तुझे बाबा कुठल्या गँगला?

---

गँगमनचा_पोर (खानापूर)

तिनई घाटच्या बाजूला बरीच वर्षं. जाऊन नऊ वर्षं झाली.

हा धागा वाचून काल माळ्यावर चढलो. त्यांचा हातकंदील पोत्यात गुंडाळलेला सापडला. वरची मूठ फिरवली की आतली काच बदलते, लाल, हिरवी, पांढरी. फिरत नाही आता, गंजून बसलीय. हिरवी काच फुटलीय. लाल शाबूत आहे. तळाशी कापसाची वात अजून आहे, रॉकेलचा वास येतो. आई म्हणते, भंगारवाल्याला देऊ नको, पण घरातही नको.

---

शेडवाला_मिरज

भंगारवाल्याला दिलास तर बघ.

मूठ जोरानं फिरवू नको, आतली पत्र्याची चकती तुटेल. सांध्यावर रॉकेल सोड, दोन दिवस तसंच ठेव, परत सोड. वातीला हात लावू नको. काचेचं माझ्याकडं बघतो, शेडमधून निघताना दोन-तीन काचा जपून ठेवल्या होत्या, त्यात हिरवी आहे की नाही सांगता येत नाही. माप पाठव. गोल काचेचा व्यास, दोऱ्यानं नको, पट्टीनं.

---

अनगोळ_वेस

हुबळीला २०२० ला रेल्वेचं म्युझियम झालंय, तिथल्या दोन जुन्या क्वार्टर्सना मलप्रभा, घटप्रभा अशी नावं दिलीयत. मलप्रभा आपल्या कणकुंबीची. कुणी आलं तर मी गाडी काढतो. आणि खानापूरला कधी जमायचं तेही सांगा, माझ्याकडं ब्रासो आहे, अख्खा डबा. बायकोनं समईसाठी आणलेला.

---

गँगमनचा_पोर (खानापूर)

व्यास साडेआठ सेंटिमीटर. पट्टीनंच मोजलाय.

रविवारी या. आई आंबोळ्या करते म्हणतेय. शेडवाला काका, मिरजेहून सकाळची गाडी धरा, स्टेशनवर मी येतो न्यायला.

---

शेडवाला_मिरज

साडेआठची एक आहे. हिरवीच. येतो.